क्षुल्लक चुकीचा हिशेब

एखादी चूक इतकी लहान असावी की ती करणाऱ्यालाही दिसू नये, आणि तरी तिची जबाबदारी त्याच्यावर यावी, हे न्याय्य आहे काय? कालमापनाच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. एकदा तर तो आपल्या ग्वाल्हेरातच उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे राहणारे विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन पंचांगाचा पक्ष हिरिरीने मांडला. जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्यांचे सहकारी. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे 24 मिनिटांनी मोठे आहे. वर्षाकाठच्या 24 मिनिटांना कोण विचारतो? पण साठ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. म्हणूनच सूर्य उत्तरेकडे वळतो 22 डिसेंबरच्या सुमारास, आणि आपण तिळगूळ वाटतो 14 किंवा 15 जानेवारीला. ताऱ्यांच्या आधाराने काळ मोजणाऱ्या निरयन पद्धतीला तिचे स्वतंत्र स्थान आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जे माप ऋतूंचे नव्हे, त्याच्या तोंडी उत्तरायण घालावे काय, हा खरा वाद होता.

संगणकाच्या घड्याळापुढेही आज हाच पेच आहे. एखादी आज्ञावली किती वेळ घेते हे पाहण्यासाठी घड्याळाचे ठोके मोजतात. सेकंदाला 1 कोटी ठोके पडत असतील, तर त्यांचे नॅनोसेकंद करताना 100 कोटींनी गुणून 1 कोटीने भागावे लागते. आधी गुणले, तर साधारण 15 मिनिटांनंतर तो गुणाकार 64 बिटांच्या जागेत मावत नाही. भांडे ओसंडते, पण संगणक बहुधा तक्रार करीत नाही. निर्विकारपणे भलताच आकडा पुढे ठेवतो. त्या भीतीने आधी भागले, तर सेकंदाचा अपूर्णांक गळून जातो. जाणता माणूस पूर्ण सेकंद आणि उरलेले ठोके वेगळे काढतो, दोहोंचे निरनिराळे रूपांतर करतो आणि मग बेरीज मांडतो. उरलेली बाकी तो फेकून देत नाही.

फेकलेली बाकी कधी प्राणांवर बेतते. अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रप्रणालीचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे. एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपतच नाही. तो 24 बिटांवर छाटलेला होता. सलग 100 तास चालल्यावर ती तूट सुमारे 0.34 सेकंदाची झाली. तेवढ्यात इराकी क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर तोडत असे. 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे त्याचा वेध चुकला आणि 28 अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. तूट आधीच ध्यानात आली होती. यंत्र फार वेळ सलग चालवल्यास वेध सरकतो, अशी सूचनाही गेली होती. मात्र ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे तीत नव्हते. सुधारित आज्ञावली दाहरानला पोहोचली दुसऱ्या दिवशी.

आमच्या मते न्याय येथे स्पष्ट होतो. प्रत्येक मापाला मर्यादा असते, आणि ती असण्यात कोणाचाही दोष नाही. अपराध सुरू होतो तो ती ठाऊक असून मोघम ठेवण्यात. तूट किती, ती किती काळात किती वाढते आणि भांडे केव्हा ओसंडेल, हे आकड्यांत सांगणे हे मोजणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. कारण मोजतो तो एक आणि त्या मापावर विसंबतो तो दुसराच.