नम्रता की आत्मविश्वास?



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपल्यावर एक माता मला भेटायला आली. तिच्या हातात एक रंगीत पत्रक होते. किशोरवयीन मुलांसाठी व्यक्तिमत्त्व विकास वर्ग, इयत्ता आठवी ते दहावी, दर रविवारी सकाळी. तिचा मुलगा नववीत शिकतो. फीचा आकडा मोठा होता, पण तिचा प्रश्न फीचा नव्हता. ती म्हणाली, "फादर, तुम्ही उपदेशात सांगता, नम्र व्हा. हे क्लासवाले सांगतात, रोज आरशासमोर उभे राहून म्हणा, मी सर्वांत श्रेष्ठ आहे. पोराने कोणाचे ऐकायचे?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. मी म्हटले, "ताई, थोडा वेळ द्या." हा प्रश्न आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत असणार, म्हणून उत्तर सर्वांसाठीच लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. अशा वर्गांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्या मातेची तळमळ खोटी नाही. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेला, मराठी शाळेत शिकलेला मुलगा उद्या मुलाखतीला जाईल, तेव्हा त्याच्या गुणांआधी त्याचे बोलणे पाहिले जाईल, हे तिला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःची ओळख, दुसऱ्याचे दुःख समजणे, निर्णय घेणे, नीट संवाद साधणे, ताण आणि भावना सांभाळणे, अशी ती कौशल्ये आहेत. ही शिकता येतात आणि शिकवता येतात. कोणी ती प्रामाणिकपणे शिकवत असेल, तर त्यात वाईट काहीच नाही.

आता नम्रतेकडे वळू. आपण नम्रता कशाला म्हणतो? एखाद्या मुलाला काम सांगावे आणि त्याने मान खाली घालून म्हणावे, "मला नाही जमणार, फादर." मग आपण म्हणतो, किती गरीब स्वभावाचे लेकरू! बंधू-भगिनींनो, ही नम्रता नव्हे, ही भीती आहे. परमेश्वराने यिर्मयाला बोलावले, तेव्हा मी लहान आहे, मला बोलता येत नाही, असेच तो म्हणाला होता. परमेश्वराने त्याच्या नम्रतेचे कौतुक केले नाही. त्याने ती सबब बाजूला सारली आणि त्याला कामाला लावले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांचा एक विचार माझ्या मनात बसला, तो आजही उपयोगी पडतो. त्यांच्यापुढे हाच पेच होता. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल मोठ्या कामाला स्वतःला पात्र समजणाऱ्या थोर मनाची प्रशंसा करतो. ख्रिस्ती परंपरा नम्रतेची. दोन्ही सद्गुण एकाच माणसात कसे नांदणार? संत थॉमस यांचे उत्तर असे, की देवाने मला काय दिले आहे हे पाहिले, तर मी मोठ्या कामाची हिंमत धरावी. माझ्यात काय उणे आहे हे पाहिले, तर मी नम्र व्हावे. दोन्ही वेळा मी खरे तेच पाहतो. म्हणून या दोन सद्गुणांत भांडण नाही. भांडण आहे ते सत्य आणि असत्य यांच्यात. "मला काहीच येत नाही" हेही असत्य आणि "मी सर्वांत श्रेष्ठ" हेही असत्य.

आरशासमोरचे ते वाक्य म्हणूनच मला खटकते. ते खोटे आहे हे मुलालाही ठाऊक असते. शिवाय "सर्वांत श्रेष्ठ" म्हणताना शेजारच्या बाकावरचा मित्र आपोआप खाली ढकलला जातो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली आत्मसन्मान वाढवण्यासाठी खास समिती नेमली होती. स्वतःविषयी चांगले वाटू लागले की मुलांचा अभ्यास आणि वागणूक सुधारेल, अशी आशा होती. पुढे २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे संशोधन तपासले. नुसता आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास सुधारतो, असे त्यांना आढळले नाही. उलट काम चांगले झाले की आत्मसन्मान काही प्रमाणात वाढतो. म्हणजे आधी काम, मग विश्वास.

हे आपल्या भागाला नवीन नाही. आपल्या कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गासड्या रचलेल्या असत आणि लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे वाजत, त्या काळात व्यक्तिमत्त्व विकास हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. पण चाळीचे मंडळ होते, व्यायामशाळा, भजन, कलापथक, रात्रशाळा होती. पंधरा वर्षांच्या पोराला वर्गणीचा हिशेब चार वडीलधाऱ्यांसमोर वाचून दाखवावा लागे. त्याला भाषण कोणी शिकवले नाही. पण हिशेब त्याच्याकडे होता, म्हणून त्याला बोलावेच लागे. नारायण सुर्वे यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेले ते मूल आपले मानून वाढवले. पुढे तो मुलगा शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक झाला. १९६६ साली त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा कवितासंग्रह आला आणि १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अर्थात, जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. एक सुर्वे झाले, पण किती मुले संधीवाचून कोमेजली त्याची मोजदाद नाही. आणि मंडळांत मुलींच्या वाट्याला फार थोडे येत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर ते जग हळूहळू विरून गेले. मुलांना जबाबदारी देणारी माणसे पांगली. जी जागा रिकामी झाली, तिथे आज हे रंगीत पत्रक आले आहे. दोष केवळ पत्रक छापणाऱ्याचा कसा म्हणावा?

इंग्रजी 'पर्सनॅलिटी' हा शब्द लॅटिन 'पर्सोना'वरून आला आणि त्याचा जुना अर्थ नटाचा मुखवटा. आपला 'व्यक्ती' हा शब्द मात्र 'प्रकट होणे' या अर्थाचा आहे. मुलाच्या तोंडावर मुखवटा चढवायचा, की आत जे आहे ते प्रकट होऊ द्यायचे? कोणत्याही वर्गाची फी भरण्याआधी पालकांनी हा प्रश्न विचारावा. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. आधी ऐकणे! त्यानंतर तो आईवडिलांसोबत नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. तुमचा मुलगा वर्गातून परत आल्यावर, रात्रपाळी करून आलेल्या वडिलांशी अधिक आपुलकीने बोलतो का? की त्यांच्या मोडक्या इंग्रजीची त्याला लाज वाटू लागते? खरी परीक्षा घरीच होते.

म्हणून ताई, माझे उत्तर असे. परवडत असेल आणि शिकवणारा माणूस चांगला असेल, तर मुलाला जरूर पाठवा. कर्ज काढून पाठवू नका. आणि आरशासमोरचे ते वाक्य त्याला म्हणू देऊ नका. त्याऐवजी त्याने म्हणावे, "आज मला हे जमले, हे अजून जमत नाही."

पण उत्तर देता देता मला माझीच चूक दिसली. आपल्या मिस्सेत वाचन कोण करते? नेहमीची तीन-चार मुले. कारण ती छान वाचतात आणि मला काळजी राहत नाही. तुमचा मुलगा दर रविवारी मिस्सेनंतर खुर्च्या उचलतो. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही वाचन दिलेले नाही. खुद्द मी सातवीत असताना पहिल्यांदा वाचायला उभा राहिलो, तेव्हा पाय लटपटत होते आणि एक संपूर्ण ओळ गाळली होती. आमच्या सिस्टरांनी पुढच्या रविवारी पुन्हा मलाच उभे केले. त्यांनी तसे केले नसते, तर आज मी वेदीसमोर उभा नसतो.

पुढच्या रविवारपासून आठवी ते दहावीच्या सर्व मुला-मुलींची नावे क्रमाने वाचनाच्या यादीत असतील. यादी चर्चच्या दाराशी लावली जाईल. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तयारीसाठी मी स्वतः बसेन, फी नाही. तुमच्याकडून एकच मागणे आहे. कोणी अडखळले तर हसू नका, मागे वळून त्याच्या आईकडे पाहू नका. त्याला वाक्य पुरे करू द्या. आपण सर्वांनी तेवढा वेळ थांबायचे.

प्रभू आपल्या मुलांना आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू