पाळकगृहाची किल्ली परत दिल्यावर

मे २०२२ मधील एका सोमवारी सकाळी मी पाळकगृहाची किल्ली पंचांच्या हाती दिली. त्यांनी सामानाची यादी वाचली : पलंग दोन, लाकडी कपाट एक, पंखे चार. यादी बरोबर निघाली. आमचे स्वतःचे जे काही होते ते एका टेम्पोत मावले होते आणि टेम्पो फाटकाबाहेर उभा होता. सेवा १९ वर्षांची, वय ४५, पदरी शाळेत जाणारी दोन मुले, आणि बँकेत ३१ हजार रुपये.

पाळकाने सेवा सोडली की लोक दोनच कारणे धरून चालतात : पाप, नाहीतर पंचांशी भांडण. तिसरेही असू शकते. मी थकलो होतो. ज्या घरी मरण आले आहे त्या घरच्या ओट्यावर जाऊन बसावे असे मला वाटेनासे झाले होते, आणि तसे न वाटता जाणे हे ढोंग आहे असे मन खाऊ लागले होते. याहून अधिक सांगत नाही, कारण आजचा विषय पैसा आहे. आपल्याकडे पैशाविषयी बोलणे म्हणजे बहुधा दशमांशाविषयी बोलणे असते. पाळकाच्या घरातील डाळ-तांदळाचा हिशेब व्यासपीठावरून कोणी मांडत नाही, आणि मांडावा असेही नाही. परंतु तो घरातही मांडला जात नाही, हे मात्र वाईट.

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. डिपॉझिट आणि मुलांची फी एकदमच आली. मंडळीत कोणाला कळू नये म्हणून मी मंडळीबाहेरच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून ६० हजार रुपये घेतले, महिना २ टक्क्यांनी. म्हणजे व्याजच दरमहा १,२००. एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम मिळाले होते, पत्नीने शिवणयंत्र पुन्हा सुरू केले होते, तरी आठ महिन्यांत ९,६०० रुपये व्याज गेले व मुद्दल जसेच्या तसे राहिले. एके रात्री ती शांतपणे म्हणाली, “अहो, आपली ही लाज महिना बाराशे रुपयांना पडते आहे. परवडते का आपल्याला?”

त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. मी का मागू शकत नव्हतो? १९ वर्षे मी आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांवर उपदेश केला होता. आता हिशेबाची वही उघडणे म्हणजे अविश्वास, आणि माणसांपुढे हात पसरणे म्हणजे आजवरच्या साऱ्या उपदेशांवर पाणी, असे मी मानीत होतो. पण ज्या मुखाने पाखरांचा दाखला दिला त्याच मुखाने बुरूज बांधणाऱ्याचाही दिला आहे. तो मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर अर्धवट बुरूज पाहून लोक हसतात. हा दाखला मी इमारत निधीच्या रविवारी अनेकदा वापरला होता. स्वतःच्या घरासाठी एकदाही नाही.

लूकच्या सोळाव्या अध्यायातील कारभारी तर मला माझा सख्खा भाऊ वाटू लागला. काम सुटले, कुदळ धरण्याचे बळ नाही, मागण्याची लाज. त्याने पुढे केलेली लबाडी बाजूला ठेवू (शब्बाथशाळेत त्या लबाडीवरच सगळा तास जातो). मला भावते ते हे, की त्याने आपली स्थिती स्वतःपाशी जशी आहे तशी कबूल केली. मी आठ महिन्यांत तेवढेही केले नव्हते. बँकेत शिल्लक किती, हे पत्नीला विचारावे लागत होते!

आणि हे आजचे नव्हते. अटल पेन्शन योजना २०१५ साली सुरू झाली तेव्हा मी ३८ वर्षांचा होतो. तीत ४० वर्षांपर्यंतच नाव घालता येते. बँकेतील बाईंनी कागद पुढे केला, तेव्हा “आमचे पेन्शन वर आहे” असे म्हणून मी हसलो, आणि त्याही बिचाऱ्या हसल्या. त्या वेळी मला ती साक्ष वाटली होती. आज वाटते, तो आळस होता आणि त्याला मी धार्मिक पोशाख चढविला होता.

आपल्या मंडळ्यांतून त्यागाचे उदाहरण म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला व संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्याला राहिले. १९१९ साली त्यांचे निधन झाले. पण तो संसार स्वयंपाकघराच्या बाजूने कसा दिसत होता, हे समजण्यासाठी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावी लागतात. पाळक विश्वासाने चालतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्या विश्वासाचा हप्ता बहुतेक वेळा पाळकीणबाई भरत असतात.

शेवटी मी आमच्या जुन्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या काकांकडे गेलो. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. मी सर्व सांगितले व सवयीने म्हणालो, “काका, प्रार्थना करा.” ते म्हणाले, “आधी वही काढा, मग प्रार्थना करू. नाहीतर देवाला काय सांगायचे तेच ठाऊक नसते.” दोन तास त्यांनी वही भरली. बायकोच्या बांगड्या पतसंस्थेत तारण ठेवल्या तर १२ टक्के वार्षिक, म्हणजे व्याज बरोबर निम्मे. ही गोष्ट आठवीच्या गणितातली होती. ती मला सुचली नव्हती, कारण मी गणित करायलाच तयार नव्हतो. पुढे काकांनी आणखी दोन कुटुंबांना बरोबर घेऊन ४० हजार बिनव्याजी दिले, त्यामुळे बांगड्या पाच महिन्यांत घरी आल्या. पैसे घेताना माझे हात खरोखरच कापत होते.

पौलाने करिंथ येथे पैसे घेतले नाहीत, तंबू शिवले. पण फिलिप्पैकरांकडून घेतले, एकदा नव्हे अनेकदा. म्हणजे प्रत्येकापुढे मागावे असे नाही. कोणापुढे मागितल्याने प्रेम मोडत नाही हे ओळखावे लागते. त्या पत्रात, आपल्याला सर्व पोहोचले असे सांगताना, त्याने जो मूळ ग्रीक शब्द वापरला आहे, तो त्या काळी पैसे मिळाल्याच्या पावत्यांवर लिहीत असत. बंदीत बसून त्याने मंडळीला जणू पावती पाठविली. त्याला लाज वाटली नाही.

आता मंडळीची बाजू. “स्वतःहून सेवा सोडली, मग आमचा काय संबंध?” असे एका पंचांनी म्हटल्याचे माझ्या कानी आले. प्रश्न रागाने टाकून देण्यासारखा नाही. लेव्यांना वतन नव्हते, हे आपण पाळकांना मोठ्या उत्साहाने सांगतो. परंतु त्यांना राहण्यासाठी ४८ नगरे गायरानांसह नेमून दिली होती. तटबंदीच्या नगरातील घर विकले तर इतरांना ते एका वर्षाच्या आतच सोडवून घेता येई; लेव्याला मात्र त्याच्या नगरातील घर केव्हाही सोडवता येई. पन्नाशीनंतर तो निवासमंडपाच्या कष्टाच्या कामातून मोकळा होई. घर मात्र त्याचेच राही. आमच्या पाळकगृहाची किल्ली सेवेच्या शेवटच्या दिवशी परत जाते. नहेम्याच्या काळी लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले होते, आणि नहेम्याने दोष दिला तो लेव्यांना नव्हे, त्यांचे वाटे न देणाऱ्या अधिकाऱ्यांना. माझा पगार कधी चुकला नव्हता, तेव्हा नहेम्या माझी बाजू घेईल असे मी म्हणत नाही. पण दरमहा थोडी रक्कम पाळकाच्या नावे बाजूला पडत गेली असती, आणि तिचे पुस्तक पाळकाच्याच हाती असते, तर त्या सोमवारी टेम्पोत आणखी एक वस्तू असती.

नवे पाळक ३० वर्षांचे आहेत. परवा ते आमच्या खोलीवर आले होते. मी त्यांना बँकेचा कागद दाखविला. ते हसले, अगदी मी हसलो होतो तसेच. मी काही बोललो नाही. पत्नीने मात्र कपाटातून आमची वही आणून त्यांच्यापुढे ठेवली, आणि ते बराच वेळ ती चाळीत बसले.

काकांचे अजून २२ हजार देणे आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला मी दोन हजार नेऊन देतो. ते चष्मा लावून पावती लिहितात, आणि मग चहा ठेवतात.