खोटं बोलणारी फुलं

शंकराला केवडा वाहत नाहीत. ज्योतिर्लिंगाचा अंत सापडल्याची बढाई ब्रह्मदेवानं मारली आणि केतकीनं, म्हणजे केवड्यानंच, त्याला खोटी साक्ष दिली. तेव्हापासून ती शिवपूजेतून बाद. शिवपुराणातली ही कथा वडोद्याच्या मराठी घरांतही ठाऊक असते. फुलानं खोटं बोलावं कसं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

वडोद्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या पावागढाकडे त्याचं एक उत्तर आहे. या डोंगराच्या वनस्पतींवरचा चव्हाण आणि ओझा यांचा ग्रंथ महाराजा सयाजीराव विद्यापीठानं १९६६ मध्ये काढला. पश्चिम भारतातल्या मोजक्याच ठिकाणी सापडलेली खर्पुडी वेलीची एक जात इथूनही नोंदली गेली आहे. तिचं शास्त्रीय नाव सेरोपेजिया ओडोराटा, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरच्या १८८३ च्या ग्रंथातलं. ओडोराटा म्हणजे सुगंधी. बारीक वेल, जमिनीत कंद, पावसाळ्यात पिवळं, कंदिलासारखं फूल.

खर्पुडीच्या कुळातली फुलं पक्की लबाड! वासाला भुलून चिलटासारखी माशी नळीत शिरते. आतले केस खालच्या दिशेनं वळलेले, त्यामुळे उतरणं सोपं, चढणं अशक्य. धडपडीत परागांची पुडकी तिला चिकटतात. केस सुकले की सुटका, आणि माशी पुढच्या कंदिलात पुन्हा फसायला मोकळी. दक्षिण आफ्रिकेतली एक बहीण तर जखमी मधमाशीचा वास सोडते, कारण मरत्या मधमाशीवर ताव मारणाऱ्या माश्याच तिला हव्या असतात.

मग हे फसवणुकीचं पाप कुणाच्या खाती?

पावागढाच्या माथ्यावर कालिकामाता आहे, तशी गडावर जैन मंदिरंही आहेत. जैन विचारात वनस्पती एकेंद्रिय जीव: स्पर्श कळतो, मन नाही. मन नाही तिथे कपट कुठलं? फूल तोडणाऱ्याला मात्र मन असतं, म्हणून हिंसा त्याच्या खाती. पुराणकारानं केतकीला माणसासारखी साक्षीदार केली. जैन आचार्यांनी झाडाला झाडच राहू दिलं आणि हिशेब माणसाकडे मागितला. प्रस्तुत लेखकाला हा दुसरा न्याय अधिक पटतो.

तरीही केतकीचं नशीब बरं. शापामुळे निदान एका देवापुरती तिची तोड टळली. खर्पुडीला कुणी शापही दिलेला नाही. तिच्या कुळातले कंद खाल्ले जातात, आणि उकरणाऱ्या हाताला वेल साधी की दुर्मीळ, हे फूल नसताना ओळखू येत नाही.