रुक्मीची अर्धी मिशी

परीकथेतल्या सुटकेची टर उडवायची तर साहित्य ठरलेलं असतं. मनोऱ्यात कोंडलेली राजकन्या, पहाऱ्याला आग ओकणारा प्राणी आणि घोड्यावरून येणारा राजपुत्र. टेक्स एव्हरीने १९४५ मध्येच आपल्या छोट्या कार्टूनमध्ये सिंड्रेलाला कारखान्यात रात्रपाळीला धाडलं होतं. २००१ च्या ‘श्रेक’मध्ये राजकन्या कवितेची आणि चुंबनाची वाट पाहत पडलेली असते, श्रेक तिला गदागदा हलवून उठवतो. आपण हसतो, कारण राजपुत्राची ऐट उतरते. पण ही थट्टा मला नेहमी थोडी स्वस्त वाटते. राजकन्येला कोंडलं कोणी आणि का, हा प्रश्न तिथे बहुधा शाप किंवा चेटकिणीवर ढकलून मोकळं होता येतं.

वऱ्हाडातली सुटकेची गोष्ट तशी नाही. तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथून चाळीसेक किलोमीटरवर अमरावतीत अंबादेवीचं देऊळ. रुक्मिणी इथेच दर्शनाला आली आणि इथूनच कृष्णाच्या रथात बसली, असं अमरावतीकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. इतिहासकार मान हलवोत वा न हलवोत, मला इथे भागवताच्या दशम स्कंधातला तपशील महत्त्वाचा वाटतो.

त्यात रुक्मिणी वाट पाहत बसत नाही. ती एका ब्राह्मणाकरवी द्वारकेला निरोप धाडते आणि त्या निरोपात प्रेमाइतकीच व्यवस्थाही आहे. तिला ठाऊक आहे की कृष्ण विचारणार: अंतःपुरात शिरून, तुझ्या नातेवाइकांना न मारता तुला न्यायचं कसं? म्हणून उत्तर तीच देऊन टाकते. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुळाची रीत म्हणून नवरी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथे ये. वऱ्हाडीत सांगायचं तर, “वाड्यात नोको घुसू बाप्पा, देवळापाशी थांब.” दिवस तिचा, जागा तिची, कृष्णाकडे फक्त रथ. निरोप मिळताच तो निघतो आणि एका रात्रीत विदर्भात पोचतो. आज द्वारकेहून अकोला-बडनेऱ्यावरून पुढे जाणाऱ्या ओखा-पुरी गाडीलाही हे जमत नाही.

पुढचा प्रसंग तर कार्टूनवाल्याने आयता उचलावा असा. रुक्मिणी देवळातून पायी बाहेर येते आणि तिला पाहून जमलेल्या राजांच्या हातांतली शस्त्रं गळतात, हत्ती-घोड्यांवरून ते खाली पडतात. कृष्ण तिला रथात घेऊन निघतो, राजांचा पाठलाग फसतो. नवरी गेलेल्या शिशुपालाची समजूत जरासंध काढतो ती अशी, की मीही कृष्णाकडून सतरा वेळा हरलोय, मनावर घेऊ नकोस.

या गोष्टीत राक्षस नाही, भाऊ आहे. माझ्या मते सगळी गंमत आणि सगळा तिखटपणा इथे आहे. बहिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवणारा रुक्मी घरातलाच, तिचं भलं आपल्यालाच कळतं अशी खात्री असलेला. ‘बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाऊल टाकणार नाही’ अशी प्रतिज्ञा करून तो निघतो आणि पकडला जातो. रुक्मिणी त्याच्या प्राणांची भीक मागते, म्हणून कृष्ण तलवार आवरतो. पण त्याला बांधून त्याचे केस आणि मिशा अर्धवट, वेड्यावाकड्या भादरतो. बलराम यावर चिडतो. त्याच्या लेखी नातेवाइकाला असं विद्रूप करणं म्हणजे त्याला मारण्यासारखंच. प्रतिज्ञेपायी रुक्मी घरी परतत नाही, भोजकट नावाचं नवं गाव वसवून तिथेच राहतो. हे नाव निव्वळ पुराणातलं नाही बरं का. अचलपूरजवळच्या चमक इथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटातही भोजकट राज्याचा उल्लेख आहे.

सुटकेनंतरच्या संसाराचीही थट्टा भागवतकाराने सोडलेली नाही. कृष्ण एकदा रुक्मिणीला चिडवतो, की आम्ही राजांना भिऊन समुद्रात लपलेली माणसं, निष्कांचन. तू चुकलीस, एखादा बरा राजा बघ. ती मूर्च्छित पडते, मग त्याची धांदल उडते. नायकाने स्वतःच स्वतःच्या पराक्रमाची हवा काढण्याची ही रीत श्रेकच्या कितीतरी आधीची.

आपण मात्र या गोष्टीचं काय केलं? तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरला भक्तांनी गोविंदप्रभूंच्या लग्नाचा घाट घातला, तेव्हा महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो, तिने ही गोष्ट एका बाईच्या तोंडून सांगितली. १५७१ मध्ये एकनाथांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण झालं. पुढे लग्न जमावं म्हणून मुलींना त्याचीच पारायणं करायला बसवलं गेलं. भावाने ठरवलेलं स्थळ मोडणाऱ्या मुलीची पोथी, घरच्यांनी आणलेलं स्थळ जमावं म्हणून! एवढं बिनचूक विडंबन एव्हरीलाही सुचलं नसतं. कॅलेंडरावरच्या चित्रातही रथ असतो, घोडे असतात, कृष्ण असतो. रुक्मिणीच्या निरोपाचं ते पत्र क्वचितच.

अमरावती-अकोल्याकडे अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं आता आहेत आणि मोबाइलवर वऱ्हाडी बोलणारी कार्टूनं लोक आवडीने पाहतात. त्यांना एकच सांगणं. मनोरा, ड्रॅगन, गोरा राजपुत्र उसना आणू नका. सुरुवात पत्रापासून करा, कृष्णाला जरा घाईत दाखवा, आणि सगळ्यात जास्त वेळ रुक्मीच्या अर्ध्या मिशीवर घालवा. ती मिशी पिळणारे भाऊ अजून गावोगाव आहेत.