निमंत्रितांचा खेळ: जयपूरची मकरसंक्रांत आणि क्रीडेचा धर्म

सणाच्या दिवशी खेळ का खेळावा, आणि त्या खेळात एकाने जिंकावे व दुसऱ्याने हरावे हे सणाच्या पावित्र्याशी कसे जुळते, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराला नवा नाही. एरवी निंद्य ठरवलेले द्यूत धर्मशास्त्राने कार्तिक शुद्ध प्रतिपदेला विहित मानले, त्या तिथीला द्यूतप्रतिपदा असे नावही दिले, आणि कोजागरीच्या रात्रीच्या जागरणाशी फाशांचा खेळ जोडला. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत, आणि तेथे ना देवाच्या हरण्यात कमीपणा दिसतो ना देवीच्या जिंकण्यात उन्माद. सणातील स्पर्धा निषिद्ध नाही, एवढे यावरून स्पष्ट होते. मात्र ती कोणत्या अटीवर निर्दोष ठरते, याचा शोध घ्यायचा तर जयपूरच्या मकरसंक्रांतीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ साली वसवलेल्या या नगराची धर्मव्यवस्था आणि कालगणना या दोहोंशी महाराष्ट्रीय पंडितांचा निकटचा संबंध होता. जयसिंहांचे गुरू रत्नाकर पौंडरीक यांनी ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा निबंधग्रंथ, म्हणजे अनेक स्मृतिपुराणांतील वचने एकत्र करून त्यांचा निर्णय सांगणारा ग्रंथ, व्रते आणि सण यांसाठी रचला. तर जगन्नाथ सम्राट यांनी टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. सूर्याचा मकर राशीतील प्रवेश ही संक्रांतीची व्याख्या ज्या शास्त्राने ठरते, त्याच शास्त्रासाठी जयसिंहांनी जंतरमंतर ही वेधशाळा उभारली, आणि तेथील सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राटयंत्र आजही सावलीच्या सरकण्यावरून वेळ दाखवते. प्रत्यक्ष उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सुरू होत असले, तरी अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या अतिमंद भ्रमणामुळे, निरयन पंचांगातील संक्रांत आता १४ किंवा १५ जानेवारीला येते. त्या दिवशी जयपूरकर गलताजीच्या कुंडात स्नान करतात, गाईंना चारा घालतात, तिळाचे लाडू आणि फीणी वाटतात, आणि उरलेला सारा दिवस गच्चीवर पतंग उडवण्यात घालवतात.

१८३५ ते १८८० या काळात गादीवर असलेले सवाई रामसिंह दुसरे यांचा पतंगांचा शौक प्रसिद्ध आहे. राजवाड्यातील हा शौक पुढे गल्लोगल्ली पसरला, हांडीपुऱ्यासारख्या वस्तीत पतंग आणि मांजा यांची बाजारपेठ उभी राहिली, आणि हिंदूंच्या या सणाची मुख्य सामग्री प्रामुख्याने मुसलमान कारागिरांच्या हातून तयार होऊ लागली. अलीकडे राजस्थानचा पर्यटन विभाग जलमहालाच्या पाळीवर पतंगोत्सव भरवतो; परंतु खरी स्पर्धा चारदिवारीतील, म्हणजे तटबंदीच्या आतील जुन्या शहराच्या, गच्च्यांवरच चालते. दोन पतंगांचे दोर आकाशात एकमेकांवर आले की पेच लागतो. मग एक खेळाडू चरखी सैल सोडून ढील देत जातो, दुसरा झपाट्याने दोर खेचतो, आणि काचेची पूड व खळ लावून घासलेला मांजा ज्याचा आधी झिजतो त्याचा पतंग तुटून वाऱ्यावर निघून जातो. लगेच ‘वो काटा’चा गजर होतो. हरलेला नवा पतंग घेऊन त्याच्या कण्ण्या बांधू लागतो, आणि कटलेला पतंग ज्याच्या हाती लागेल त्याचा होतो.

या स्पर्धेचे नैतिक स्वरूप समजून घेण्यासाठी निमंत्रणाची कल्पना उपयोगी पडते. १८८८ साली सिमल्यात सुरू झालेली ड्युरंड चषक स्पर्धा किंवा १८९१ साली मुंबईत सुरू झालेली व पुढे बंद पडलेली रोव्हर्स चषक स्पर्धा यांसारख्या फुटबॉल स्पर्धांत संघाने मैदानात उतरण्यापूर्वी बोलावणे स्वीकारलेले असते. त्या स्वीकारातच नियमांना मान्यता, पराभवाची तयारी आणि प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याला दिलेली मर्यादित संमती या तिन्ही गोष्टी येतात, आणि म्हणूनच मैदानाबाहेर जे वर्तन आगळीक ठरले असते ते मैदानात खेळ ठरते. जयपूरच्या गच्चीवर लेखी बोलावणे कोणी धाडत नाही. तरीही पेचाच्या टप्प्यात पतंग चढवणे हेच बोलावणे आणि हाच त्याचा स्वीकार, असा अलिखित नियम तेथे सर्वांना ठाऊक असतो. पणाला लागतो तो कागद, कामट्या आणि थोडा दोर. ज्याने जे पणाला लावले तेच तो गमावतो, आणि ते गमावण्याची त्याची आधीपासून तयारी असते. या स्पर्धेची निर्दोषता याच दोन गोष्टींवर उभी आहे.

ही अट मोडली की खेळाचे काय होते, हे महाभारताच्या सभापर्वाने कायमचे दाखवून ठेवले आहे. युधिष्ठिराला द्यूताचे निमंत्रण विदुराकरवी रीतसर पाठवले गेले, आणि आव्हान आल्यावर माघार न घेण्याच्या व्रतामुळे त्याने ते स्वीकारले. येथवरचा दोष फार तर कपटी फाशांचा आणि व्यसनाचा म्हणता येईल. परंतु त्याने द्रौपदीला पणाला लावले तेव्हा खेळाची जातच बदलली, कारण तिला कोणी खेळायला बोलावले नव्हते आणि तिने काहीही मान्य केलेले नव्हते. स्वतःला आधीच हरलेल्या माणसाचा आपल्यावर अधिकार उरतो काय, हा तिचा प्रश्न भीष्मांनाही सोडवता आला नाही. सभेची ती निरुत्तरता आजही प्रमाण मानावी लागते, कारण जो खेळात नाही त्याच्यावर खेळाचे परिणाम लादण्याचा अधिकार खेळाच्या कोणत्याही नियमातून निघत नाही.

या विचारावर लीलावादाच्या आधारे आक्षेप घेता येतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सृष्टीची निर्मिती ही परमेश्वराची केवळ लीला, म्हणजे कोणत्याही प्रयोजनावाचून होणारी सहज क्रीडा, असे सांगितले आहे, आणि सर्व इच्छा पुरलेला राजा ज्याप्रमाणे निर्हेतुक खेळतो त्याचा दाखला शंकराचार्यांनी भाष्यात दिला आहे. मग ज्या दिवशी माणूस देवाच्या या निर्हेतुक आनंदात सहभागी होतो, त्या दिवशी त्याच्या खेळाला हिशेब का विचारावा, असे कोणी म्हणेल. परंतु सूत्रांचा क्रम येथे लक्षात घेण्यासारखा आहे. लीलेचे सूत्र संपताच पुढचेच सूत्र वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, हे आक्षेप विचारात घेते, आणि परमेश्वर जीवांच्या कर्माला अनुसरून फळ देतो म्हणून तो निर्दय ठरत नाही, असे उत्तर देते. प्रत्यक्ष परमेश्वराच्या लीलेलाही दुःखाबद्दल जाब देण्यातून सूट मिळाली नाही. पतंग उडवणाऱ्या माणसाला तर ते उत्तरही उपलब्ध नाही, कारण दुसऱ्या जीवाच्या कर्माचा हिशेब त्याच्या हाती सोपवलेला नाही.

जयपूरच्या आकाशात हा प्रश्न पारव्यांच्या, घारींच्या आणि बगळ्यांच्या रूपाने उभा राहतो. पक्षी पहाटे थव्याने बाहेर पडतात आणि दिवेलागणीला परततात. ताणलेला बारीक मांजा त्यांना दिसत नाही, तो पंखाच्या कातडीतून स्नायूपर्यंत उतरतो, आणि जखम भरली तरी पुष्कळ पक्षी पुन्हा उडू शकत नाहीत. रस्त्यावर आडव्या आलेल्या दोराने दुचाकीस्वारांचे गळे चिरले जातात, तेही याच खेळात नकळत ओढले गेलेले असतात. म्हणूनच प्रशासनाने सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ७ या वेळांत पतंगबंदीचे आदेश काढले आहेत, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या व अन्य कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, आणि संक्रांतीला शहरात जखमी पक्ष्यांसाठी उपचारशिबिरे चालवली जातात.

कायद्याच्या आधीपासून या प्रश्नाचा विचार जैन परंपरेने केलेला आहे, आणि पंडित टोडरमल यांच्यासारख्या विद्वानाच्या या नगरीत ती परंपरा परकी नाही. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, व्रतांत अनर्थदंडविरमण नावाचे एक व्रत आहे. संसार चालवताना जी हिंसा अटळ असते तिच्याहून वेगळी, कोणत्याही गरजेवाचून केवळ प्रमादाने घडणारी हिंसा टाळणे, हा त्याचा आशय होय, आणि हिंसेची साधने दुसऱ्याला पुरवणे हेही त्यात दोष मानले आहे. ‘पक्ष्याला मारण्याचा हेतू नव्हता’ हा बचाव या कसोटीवर टिकत नाही, कारण तत्त्वार्थसूत्राची हिंसेची व्याख्याच प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर, उभी आहे. घातक मांजा विकणाराही या व्रतानुसार खेळाबाहेर राहत नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत अहिंसेला महाव्रत म्हटले आहे ते ती जाती, देश, काल आणि प्रसंग यांनी मर्यादित होत नाही म्हणून. त्यामुळे वर्षातील एका दिवसापुरती तिला सुट्टी देण्याची सोय तेथे नाही.

यावरून पतंगच बंद करावेत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हांडीपुऱ्यातील कुटुंबांची चूल या सणावर पेटते, दोन धर्मांची माणसे या सणात एकमेकांवर अवलंबून असतात, आणि वर्षभर बंद राहिलेल्या गच्च्या त्या दिवशी शेजाऱ्यांना एकत्र आणतात. हे सारे सणाचे पुण्यच आहे. साध्या सुती दोराने, पक्ष्यांच्या वेळा सोडून उडवलेला पतंग हे पुण्य राखतो आणि न बोलावलेल्यांना वाचवतो. अशा दोराने पेच खेळताना कौशल्य कमी लागत नाही, उलट दोराच्या धारेवर विसंबता येत नसल्यामुळे ढील आणि खेच यांची पारख अधिकच लागते.

या प्रश्नावर मराठी वाचकाला आपल्याच संतपरंपरेतून एक आधार मिळतो. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात संत नामदेवांची जी पदे आहेत, त्यांपैकी एका पदात कागदाचा पतंग उडवणाऱ्या मुलाचा दृष्टांत आला आहे. तो मुलगा सवंगड्यांशी गप्पा मारत असला, तरी त्याचे चित्त दोरात गुंतलेले असते, आणि भक्ताचे चित्त देवात तसेच असावे, असे नामदेव सुचवतात. भक्तीचे लक्षण म्हणून त्यांनी निवडले ते हे अखंड अवधान, आणि जैनांनी हिंसेचे मूळ म्हणून दाखवला तो प्रमाद त्याच्या बरोबर उलट आहे. आपला दोर या क्षणी कोठे आहे, तो कोणाच्या वाटेत आला आहे आणि तुटला तर कोणाच्या गळ्यात अडकेल, याचे भान ठेवून खेळणारा माणूस सणाच्या दिवशी खेळतानाही धर्माचरणच करतो, तर ते भान सोडून खेळणाऱ्याने सकाळी केलेले स्नान आणि दिलेले दान यांनी त्याची भरपाई होत नाही. जयपूरला लागू पडणारी ही कसोटी येवल्याच्या आसारीला, म्हणजे तेथील चरखीला, नागपूरच्या गच्च्यांना आणि संक्रांतीला मुलाच्या हाती दोर देणाऱ्या प्रत्येक मराठी घराला तितकीच लागू आहे. म्हणून यंदाच्या संक्रांतीला तिळगुळाबरोबर घरात सुती दोरच यावा आणि नायलॉनचा मांजा दुकानातच नाकारला जावा.