पायथ्याची पणती

दिवाळी जवळ आली की वसई-विरारच्या सोसायट्यांत विटा, गोणपाट आणि चिखल जमतो, किल्ला उभा राहतो. उतारावर पेरलेले अळीव चार दिवसांत हिरवेगार होतात. बुरुजावर मावळे, दरवाजात तोफ. गेल्या वर्षी एक चिमुरडी मावळ्याचा तुटलेला हात खळीने चिकटवत होती. चिकटेपर्यंत बोटांत धरून बसली होती.

असे किल्ले बांधणं हे लढाईचं कौतुक आहे का? मला तसं वाटत नाही. पण गोष्ट अर्धीच सांगितली तर मात्र होतं.

आपला वसईचा किल्ला मराठा सेनापती चिमाजी अप्पांच्या फौजेने मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. तटाखाली सुरुंग पेरले, खिंडारांतून माणसं चढली. त्या मोहिमेत हजारो मराठे पडले. आणि शरण आलेल्या पोर्तुगीजांना विजेत्यांनी बायकामुलांसह सन्मानाने जाऊ दिलं. मुलांना भगवा दाखवतो, तसं हेही सांगायला हवं.

यंदा सोसायटीतल्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक पणती, परत न आलेल्यांसाठी, मुलांच्याच हातून लावून घ्या.