माथ्यावरचं पाणी

जुलै महिन्यात कोल्हापुरात सकाळी वर्तमानपत्र उघडलं की आधी एक यादी वाचायची, ही सवय आम्हाला लहानपणापासूनची. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, शिरगाव, तारळे. कासारीवरचे यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे. पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची ही यादी. पावसाच्या सुरुवातीला पाच-सात नावं असतात, घाटमाथ्यावर पावसानं ठाण मांडलं की पन्नासाच्या पुढे जातात. मामाच्या गावाचा रस्ता तुटला का, आज दूध कुठल्या बाजूनं येणार नाही, हे त्या यादीवरून कळतं. बाहेरगावचा माणूस ती वाचून घाबरतो. आमच्याकडे ती पंचांगासारखी वाचतात.

या यादीचा अर्थ मला लागला तो मात्र फार दूर, न्यू जर्सीत.

ऑक्टोबरात मुलीकडे गेलो होतो. तिकडच्या मराठी घरांतून पानगळीचे रंग पाहायला गाडी काढून दिवसभर भटकायची रीत पडली आहे, आणि त्या भटकंतीत छपराचे जुने लाकडी पूल हे एक ठरलेलं ठिकाण असतं. व्हरमाँटमध्ये असे शंभराच्या आसपास पूल उभे आहेत. न्यू जर्सीत ऐतिहासिक म्हणावा असा एकच उरलाय, हंटरडन काउंटीतला ग्रीन सार्जंट पूल, १८७२ सालचा. एका ओढ्यावर उभं असलेलं, दोन्ही तोंडं उघडी असलेलं लांबट लाकडी घर. गाडी आत शिरली की क्षणभर अंधार होतो, चाकांखाली फळ्या वाजतात, आणि आपण पलीकडे उजेडात निघतो.

छप्पर बर्फासाठी असणार, असं मला वाटलं. पण बर्फाचा हिशेब उलटा आहे. त्या काळी हिवाळ्यात घसरगाड्या चालायच्या, आणि पुलावर छप्पर असल्यामुळे आतल्या फळ्यांवर बर्फ पडत नसे. म्हणून माणसं लावून बाहेरचं बर्फ फावड्यानं आत आणून पसरावं लागे! म्हणजे छप्पर वाटसरूसाठी नव्हतंच. ते पुलाच्या कैच्यांसाठी होतं. घराच्या आढ्याला असतात तशा लाकडी कैच्या या पुलाच्या दोन्ही अंगांना उभ्या असतात आणि सगळा भार त्याच पेलतात. लाकूड नुसतं भिजल्यानं लवकर मरत नाही, भिजणं आणि वाळणं यांच्या आलटापालटीनं मरतं. त्यातही जिथे दोन लाकडं एकमेकांत बसवलेली असतात त्या सांध्यात पाणी मुरतं, आणि कूज तिथूनच धरते. फिलाडेल्फियात १८०५ साली स्कूलकिल नदीवर टिमथी पामर या सुताराचा मोठा पूल झाला, त्या देशातला छपराचा पहिला पूल तोच मानतात. उघडा ठेवला तर दहा-बारा वर्षं, झाकला तर तीस-चाळीस, असा पामरचा अंदाज होता. पुढे झाकलेले पूल शंभर-दीडशे वर्षं टिकले. वरचं छप्पर आणि बाजूच्या फळ्या ऊनपाऊस खातात, त्या बदलता येतात. आतलं हाड कोरडं राहतं.

आमच्या पन्हाळा-गगनबावड्याकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मातीच्या भिंतीला पावसाच्या तोंडाकडून पालापाचोळ्याचा आडोसा बांधायचा, तो दरवर्षी कुजू द्यायचा आणि भिंत पिढ्यान्‌पिढ्या राखायची, हे तेच शहाणपण. मग आम्ही पुलाला छप्पर का घातलं नाही? या प्रश्नाशी मी बरेच दिवस अडून होतो.

उत्तराचा एक धागा साकवात सापडला. घाटाखाली आणि घाटाच्या काठानं ओढ्यांवर लाकडाचे साकव घालतात. पाऊस सरला की दोन ओंडके टाकायचे, वर फळ्या नाहीतर बांबू बांधायचे, आणि पुढच्या पावसानं तो नेला तर पुन्हा घालायचा. तिथे लाकडाचं आयुष्य वाढवायची खटपटच नाही, कारण साकव कुजायला सवड मिळतच नाही. कुजायच्या आधी तो वाहून जातो. आपल्याकडे पुलाला धोका वरून पडणाऱ्या पाण्याचा नाही, आडवं येणाऱ्या पाण्याचा आहे. चार महिन्यांत सगळं वर्ष पडून जातं. उन्हाळ्यात घोटाभर असलेली नदी श्रावणात शेतंच्या शेतं पोटात घेते. तिच्यापुढे छपराचं, फळ्यांनी बंद केलेलं उंच घर उभं केलं तर ते एखाद्या शिडासारखं पाणी अंगावर घेईल.

तेव्हा इथल्या पुलाला दुसरी रीत हवी होती, आणि ती कोल्हापुरानंच देशाला दिली. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. अभियंत्यांच्या पुस्तकांतही तो याच नावानं जातो. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी नाहीतर काँक्रीटचे खांब, खांबांना उभ्या खाचा, वरून स्लॅब. पावसाळा संपला, नदी शांत झाली की त्या खाचांत एकावर एक बरगे सोडतात. पूर्वी ते लाकडी असत, दोन ओळींत बसवून मधे माती ठासत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी. बरगे बसले की मागे पाणी तुंबतं, त्यावर काठाचे पंप चालतात आणि या जिल्ह्यातला ऊस पिकतो. पावसाच्या तोंडावर सगळे बरगे काढून काठावर रचायचे, की नदीला पुन्हा मोकळे गाळे मिळतात. वरच्या स्लॅबवरून आठ-नऊ महिने बैलगाडी, सायकल, ट्रॅक्टर, शाळेची पोरं जातात. पूर आला की तो पाण्याखाली जातो. बांधणाऱ्यानंच ते गृहीत धरलेलं असतं.

बंधारा ठेंगणा, त्याला कठडा असलाच तर नावापुरता. पाणी खांबांमधून जातं, चढलं की माथ्यावरूनही जातं. पुरता बुडाला की त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचं पाणी जवळजवळ एका पातळीला येतं आणि ढकलणारा जोर कमी होतो. धोका असतो तो बरगे काढायला उशीर झाला तर, किंवा झाडाचे बुंधे, जलपर्णी गाळ्यांत अडकली तर. तेव्हा नदी बंधाऱ्याला वळसा घालून काठच कापते. न्यू जर्सीतल्या सुतारानं पुलावर छप्पर घातलं आणि इथल्या माणसानं पुलावर नदीच पांघरली, असं मला त्या दिवसापासून वाटू लागलं आहे. दोघांनी आपापल्या पाण्याची जात ओळखली होती.

तिकडच्यासारखी गाडी काढून पाहायची सफर इथेही होते. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या अलीकडे जावं. सुरुवात शिवाजी पुलापासून. एकोणिसाव्या शतकातला हा दगडी कमानींचा पूल, शेजारी ब्रह्मपुरीची टेकडी. या टेकडीत गेल्या शतकाच्या चाळीशीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. हजारो कोस दूरच्या समुद्राचा देव आमच्या नदीकाठी निघावा, याचं नवल मला अजून संपलेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये याच पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत गेली आणि तेरा माणसं दगावली. त्या पुलाशी थांबलं की ती रात्र आठवतेच. शेजारी पर्यायी पूल झाला तो त्यानंतर. ग्रीन सार्जंट पुलाचंही असंच झालं. १९६० साली वाहनाच्या धडकेनं तो मोडला, तेव्हा जुनी लाकडं वापरून पुन्हा उभा केला आणि शेजारी दुसरा पूल घालून एका बाजूची वाहतूक तिकडे नेली. जुन्याला जगवायचं तर त्याच्या खांद्यावरचं ओझं वाटून घ्यावं लागतं.

पन्हाळ्याच्या बाजूला जरा आत प्रयाग चिखलीचा संगम आहे, तिथून पंचगंगा हे नाव सुरू होतं. मागे फिरून कसबा बावड्याला राजाराम बंधारा. पुराची पातळी इथे मोजतात, ३९ फूट इशाऱ्याची, ४३ फूट धोक्याची. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. काठावर उभं राहून तो आकडा डोळ्यांनी वर मोजत न्यावा, म्हणजे नदी कळते.

याच वाटेवर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग नदी ओलांडतो. त्या दोन्ही पुरांत तो बंद पडला. रस्ता पुरापासून वाचावा म्हणून उंच भराव घालतात, पण भराव नदीच्या आडवा पडला की पाणी मागे सरून शेतांत आणि घरांत बसतं. भरावाऐवजी कमानी करा, असं इथले लोक वर्षानुवर्षं सांगत आहेत आणि मला ते शंभर टक्के पटतं. बंधारा पावसाळ्यात बुडतो, त्यामुळे गावाला पाच-दहा कोसांचा वळसा पडतो, हा त्रास खरा आहे. दुखणाईत म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा तो वळसा फार लांब वाटतो, म्हणून उंच पूल हवेतच. फक्त त्यांच्याखाली नदीला तिची पूर्ण रुंदी सोडलेली असावी.

रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे धरत पन्नासएक किलोमीटरवर नृसिंहवाडी येते. पंचगंगा इथे कृष्णेला मिळते. पूर चढला की पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरतं, नृसिंहसरस्वतींच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दारात स्नान करायला माणसं धावत येतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या देवळात नेतात आणि पूजा तिथे चालू राहते. वाडीच्या घाटावर उभं राहिल्यावर माझ्या मनात पाण्याखालच्या बंधाऱ्यांविषयीची उरलीसुरली भीती राहत नाही. पाणी येणारच, हे धरून इथे दारं ठेवली आहेत.

परतताना एकदा संध्याकाळी भोगावतीवरच्या एका बंधाऱ्याशी थांबलो होतो. पाणी दोन दिवसांपूर्वी उतरलं होतं. स्लॅबवर वीतभर गाळ, त्यात उसाचा पाला आणि जलपर्णीचे झुबके. तिघे-चौघे खोऱ्यानं गाळ नदीत लोटत होते. पलीकडच्या काठावर दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल केव्हाची उभी होती. मधली वाट मोकळी झाली तसा त्या माणसानं पाय खाली टेकवत, गाळातून हळूहळू गाडी आणली. खोरं घेतलेल्या एकानं बाजूला होत विचारलं, "किती दिवसांनी रं?" तो म्हणाला, "अकरा," आणि गावाकडे निघून गेला.